वाचकांचे प्रश्न : लग्नातली वाईन, किती आणि कोणती?

मागच्या अंकात सहज लिहून गेले की तुळशीचं लग्न लागलं की आमच्या नाशकात पाहुण्यांचे फोन सुरू होतात, 'अगं तिकडून वाईन स्वस्त पडेल का', आणि तेवढ्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं पान त्यालाच द्यावं लागतंय. मी कोणी वाईनतज्ज्ञ वगैरे नाही. पंधरा-सोळा वर्षं लग्नाच्या जेवणावळी आणि पार्ट्या सांभाळल्या, त्यात जे चुकलं आणि जे जमलं तेच सांगतेय.

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरात पुण्यात आहे. रिसेप्शन लॉनवर, ४०० माणसं, तिथे दारू नाही. पण आदल्या रात्री मुलांच्या आग्रहाने १२० जणांची कॉकटेल पार्टी आहे. जावई म्हणतो वाईन ठेवाच. मी आयुष्यात दोनदा प्यायलोय. किती बाटल्या आणि कोणत्या घेऊ? – एक वधूपिता, पुणे

काका, आधी आकडा काढू, नावं नंतर. १२० मधली वीसेक तर पोरंटोरं. साधारण तीस जण अजिबात न पिणारे धरा. राहिले ७०. त्यातले निम्मे व्हिस्की आणि बिअरवाले, ते तुमच्या वाईनकडे ढुंकूनही बघणार नाहीत, उगाच त्यांच्यासाठी महाग रेड आणू नका. म्हणजे ३५. पण आपल्याकडे एक गंमत असते बघा, 'मी घेत नाही हो' म्हणणाऱ्या ज्या काकू-माम्या असतात ना, त्यातल्या आठ-दहा जणी वाईन बघून 'थोडीशी चालेल' म्हणतात, त्यांना धरून ४५ करा. माणशी अडीच ग्लास संध्याकाळभरात, म्हणजे साधारण ११२ ग्लास. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे २३ बाटल्या. २४ घ्या, बाराच्या खोक्याने दोन खोकी, विषय संपला.

पण हे पाच ग्लासाचं गणित वेटरच्या हातात असतं हे विसरू नका. आपला वेटर ग्लास काठोकाठ भरतो, त्याला वाटतं कमी भरला तर यजमान कंजूष दिसेल, आणि मग बाटलीत तीनच ग्लास होतात, नऊ वाजता तुमचा मेहुणा दुकान शोधत फिरतो. मी काय करायचे, दुपारीच केटररचा एक ग्लास घेऊन मापाच्या भांड्याने त्यात १५० मिली पाणी ओतायचे, ते कुठपर्यंत येतं ते चारही वेटर पोरांना दाखवायचे. दोन मिनिटांचं काम आहे, कितीतरी बाटल्या वाचतात.

आता कोणती. तीनच प्रकार ठेवा, चौथा नको. बारा व्हाईट, आठ रेड, चार रोझे म्हणजे गुलाबी. डिसेंबरात पुण्यात रात्री चांगली थंडी पडते म्हणून रेड आठ म्हटलं, एप्रिल असता तर चारच म्हटलं असतं.

व्हाईटमध्ये शेनिन ब्लां घ्या. नाव अवघड आहे पण आपल्याकडे वाईनची सुरुवात याच द्राक्षाने केलेले खूप जण भेटतील, किंचित गोडसर, तिखटाबरोबर छान जाते. नाशिकच्या सुला कंपनीची सगळीकडे मिळते. सोव्हिनियॉं ब्लां जास्त कोरडी, म्हणजे बिनगोड, आणि आंबटसर असते, तिला हिरवट वास असतो, कोथिंबीर वडीबरोबर मला तीच आवडते, पण पहिल्यांदा पिणारा माणूस तोंड वाकडं करतो. सहा-सहा घेतल्या तरी चालतील. रेडला शिराझ. दिंडोरी भागातली घ्या किंवा अकलूजकडची फ्राटेलीची, हो, सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज, तिथे इटालियन भावांनी आपल्या माणसांबरोबर द्राक्षं लावलीत. फक्त एक करा, स्टार्टरचा मेनू समोर ठेवून रेड निवडा. कडक, तुरट रेड आणि हिरव्या मिरचीचा ठेचा हे एकत्र आलं की वाईन कडू लागते आणि तिखट दुप्पट चढतं. मटण सुकं, सीख कबाब असेल तर शिराझ मस्त. पनीर टिक्का आणि चाट काउंटरच असेल तर रेड अजून कमी करा आणि रोझे वाढवा.

आणि काका, खरेदीच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढा. चार-पाच वेगवेगळ्या बाटल्या आणा, केटररकडून जी सॅम्पल प्लेट येते ना चव बघायला, ती त्याच दिवशी मागवा, आणि घरातल्या सहा माणसांना बसवा. लेबल झाकायला काही वेगळं करायला नको, आपला दुकानदार बाटली पेपरात गुंडाळूनच देतो, तो पेपर काढूच नका, वर फक्त पेनने आकडा घाला. आमच्या घरी असं केलं तेव्हा सगळ्यात महाग बाटली शेवटच्या नंबरावर आली होती आणि ती ज्याने आणली होती तो भाऊजी अजून मान्य करत नाही.

इम्पोर्टेडच्या नादाला लागू नका. परदेशी वाईनवर कस्टम ड्युटीच वर्षानुवर्षं १५० टक्के राहिली, ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार झाला तेव्हापासून तिथल्या ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांवर ती कमी होत चाललीये, पण एकूणात काय, तुम्ही दोन हजार मोजता तेव्हा त्यातली वाईन बरीच कमी आणि कर जास्त असतो. त्याच पैशात नाशिकची वरच्या दर्जाची रिझर्व्ह येते.

परवान्याचं बघा हं. घराबाहेर हॉल किंवा लॉनवर दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना लागतो, अर्ज ऑनलाइन होतो. 'हॉलवाला बघून घेईल' यावर जाऊ नका, कागद स्वतः डोळ्यांनी बघा. माल परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिल पार्टीच्या ठिकाणी जवळ ठेवा. हॉटेलचा बँक्वेट असेल तर बहुतेक ठिकाणी त्यांचीच वाईन घ्यावी लागते, कुठे बाहेरची आणू देतात पण मग बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे ती उघडून वाढायचे पैसे, लावतात, तो आकडा ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. नंतर विचारला की वेगळाच असतो.

प्रश्न : भाच्याचं लग्न नागपुरात मे महिन्यात. माझ्याकडे वाईनचं काम आलंय. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला द्यायची' असं सगळे म्हणतात. बरोबर ना? – घाबरलेला मामा, नागपूर

मामा, ती रूम तुमची नाही! ते वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं आहे, तिथली खोली म्हणजे सोळा-अठरा डिग्री. नागपूरच्या मे महिन्यातल्या खोलीत रेड ठेवलीत तर तुम्ही पाहुण्यांना काढा वाढताय. द्यायच्या आधी तास-दीड तास तरी फ्रिजमध्ये किंवा पंधरा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवा, बिनधास्त, कोणी हसलं तर हसू दे. व्हाईट आणि रोझे आठ-दहा डिग्रीला, स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, त्याहून थंड.

बर्फाबद्दल एक सांगते कारण इथे सगळेच चुकतात. टबात नुसता बर्फ ओतून त्यावर बाटल्या आडव्या टाकतात, वरून एकदम झकास दिसतं, फोटो येतो, पण बाटलीला बर्फ दोन-तीन ठिकाणीच टेकलेला असतो, बाकी हवाच. निम्मा बर्फ निम्मं पाणी घ्या, दोन मुठी जाडं मीठ टाका, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत गार. तुमच्याकडे मे मध्ये बर्फ जेवढा वाटतो त्याच्या दुप्पट सांगा आणि बर्फवाल्याला संध्याकाळी सहाचा टाइम द्या, तीनचा नाही.

आणि मुख्य गोष्ट, बाटल्या येऊन पडतात कुठे. माझ्या स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात छत्तीस बाटल्या सकाळी अकराला टेंपोतून आल्या, आणि उतरवून घेणाऱ्याने त्या मांडवाच्या मागे जनरेटरच्या शेजारी ठेवल्या, 'सावली आहे' म्हणून. सावली होती हो, पण जनरेटरचा वाफारा सगळा त्या खोक्यांवर. संध्याकाळी उघडायला घेतल्या तर कित्येक बाटल्यांची बुचं वर आलेली, मानेला चिकट ओघळ, आणि आतली वाईन म्हणजे शिजवलेल्या मनुकांचं पाणी. नऊ बाटल्या मी मोरीत ओतल्या. अजून आठवलं की पोटात गोळा येतो, आणि दोष कोणाला देणार, याद्या मीच केल्या होत्या, त्यात 'वाईन कुठे ठेवायची' ही ओळच नव्हती.

दुकानातही हेच बघा. बोर्डावर 'वाईन शॉप' असतं पण आत नव्वद टक्के व्हिस्की, रम आणि बिअर, बिअर फ्रिजमध्ये आणि बिचारी वाईन सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, धूळ खात उभी. असल्या दुकानातून लग्नाचा माल घेऊ नका. वाईन ज्यांच्याकडे भराभर खपते, एसी आहे, अशा दुकानाला आठ-दहा दिवस आधी ऑर्डर द्या म्हणजे ते डेपोतून ताजी खोकी मागवतात. बाटलीवर वर्ष छापलेलं असतं ते वाचा. आपल्याकडे द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्च, आणि आपल्या साध्या व्हाईट आणि रोझे या एक-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, ठेवून मुरवायच्या नसतात. दुकानदार चार वर्षांपूर्वीची व्हाईट 'जुनी आहे साहेब, जुनी तितकी भारी' म्हणून डिस्काउंटमध्ये देऊ लागला तर हसून निघून या. स्क्रू कॅपला नाकं मुरडू नका, मे महिन्यात मी तर तीच मागते, कॉर्कस्क्रू शोधत पळापळ नाही.

नाशिकहून स्वतःच्या गाडीत भरून नेऊ का हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून, नका नेऊ. एवढा साठा वाहतुकीच्या परवान्याशिवाय हलवायचा नसतो, आणि डिकीतल्या गरमीत एवढे तास म्हणजे परत जनरेटरचीच गोष्ट.

प्रश्न : आम्ही कुडाळचे. गोव्यात वाईन निम्म्या भावात मिळते, तास-दीड तासाचा रस्ता. चार खोकी आणली तर काय बिघडतं? – सिंधुदुर्गातून

बिघडतं. गोव्याचा अबकारी कर कमी म्हणून तिथे स्वस्त, पण ती बाटली महाराष्ट्राचा कर भरलेली नसते, सरहद्द ओलांडली की तो गुन्हाच. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात हे तुम्हाला मी नाशकात बसून काय सांगायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाचा काका चौकीवर बसलाय हे चित्र बरं नाही. तेवढीच हौस असेल तर कॉकटेल पार्टीच गोव्यात करा, माणसं न्या, बाटल्या आणू नका.

प्रश्न : सासूबाई आणि त्यांच्या बहिणी 'आम्हाला ती गोड पोर्ट वाईन चालते' म्हणतात. नवऱ्याला लाज वाटते, तो म्हणतो रिसेप्शनला पोर्ट ठेवली तर लोक हसतील. मी मधल्यामध्ये. – सून, ठाणे

अगं हसू देत की! त्या बायका तुझ्या पाहुण्या आहेत, परीक्षक नाहीत. तरी नवऱ्याला एवढं सांग की खरी पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली, वाईन आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची ब्रँडी ओतून ते आंबणं थांबवतात, म्हणून साखर राहते आणि नशाही जास्त. आपल्याकडे गोव्याची म्हणून जी स्वस्त गोड 'पोर्ट' मिळते तिचं त्या पोर्टशी नावापुरतंच नातं. पण बऱ्याच घरांत बाळंतिणीला, अशक्तपणाला चमचाभर द्यायचे ना, त्यामुळे आपल्या आज्या-मावश्यांना तेवढी एकच वाईन 'घरातली' वाटते.

मधला रस्ता सांगते. लेट हार्वेस्ट शेनिन म्हणून असते, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, गोडी वाढली की तोडतात. लहान बाटलीत येते, ती खूप गार करून छोट्या ग्लासात जेवणानंतर दे. सासूबाईंना गोड मिळालं, नवऱ्याला मिरवायला फ्रेंच नाव मिळालं. बासुंदी, अंगूर मलई यांच्याबरोबर हीच एक टिकते, बाकी कोरडी वाईन जिलेबीबरोबर घेऊन बघ एकदा, चिंचेचं पाणी लागेल.

सँग्रिया पण चालेल, रेडमध्ये संत्र्याच्या फोडी, सफरचंद, थोडा संत्र्याचा रस, बर्फ. साधी स्वस्त रेड त्यात खपून जाते. फक्त भांड्यावर ठळक पाटी लाव, कारण लाल सरबत समजून पोरं पेलाच घेऊन येतात, माझ्यासमोर झालंय.

प्रश्न : माझे वडील माळकरी आहेत. नवऱ्या मुलाचे मित्र परदेशातून येणार, त्यांना वाईन हवी. मी बाबांना म्हटलं वाईन म्हणजे द्राक्षाचा रसच, दारू नाही. ते गप्प बसले. काय करू? – मुलगी, पंढरपूरजवळून

आधी ते वाक्य मागे घे. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला होता तेव्हा हेच वाक्य महाराष्ट्रभर गाजलं, केवढा गदारोळ झाला, शेवटी तो निर्णय अमलात आलाच नाही. वाक्याचं सोड, हिशोब बघ. वाईनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल. १५० मिलीच्या ग्लासात ते साडेएकोणीस मिली होतं. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के, तिच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये जेमतेम १३ मिली. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग झाला आणि दोन ग्लास तीन पेग. मग 'नुसती वाईनच तर घेतलीये' म्हणून गाडी काढणारे जे असतात त्यांचं काय ते तूच बघ, ड्रायव्हरची सोय आधी कर. वयाचंही आहे, वाईन-बिअरला आपल्याकडे २१ पूर्ण लागतात, हार्ड लिकरला २५, नवरदेवाचे सगळेच मित्र काही पंचविशीपुढचे नसतात.

आणि बाबांसाठी, माझा अनुभव असा की न पिणाऱ्या माणसाला राग पिण्याचा कमी येतो, फसवल्याचा जास्त येतो. स्पष्ट सांग, 'बाबा, दारूच आहे, पाहुण्यांसाठी आहे, तुमच्या पंगतीच्या आसपास नसेल.' मग तसंच कर. स्टेजवरून, आणि जिथे आजी-आजोबांच्या खुर्च्या मांडतात तिथून, काउंटर दिसता कामा नये. जमलं तर वेगळा दिवस, वेगळी जागा. वाईनचे ग्लास घेऊन कोणी आशीर्वादाच्या रांगेत उभं राहणार नाही हे मुलाच्या दोन जबाबदार मित्रांवर सोपव. आणि न पिणाऱ्यांना कागदी कपातलं कोमट कोल्ड्रिंक देऊ नको गं, कोकम सरबत, पन्हं, सोलकढी हे सगळं त्याच उंच देठाच्या ग्लासात दे. तारीख ठरवताना ड्राय डेची यादी पण बघ, एकादशीचं तुझ्या घरी कोणी सांगायला नको, पण निवडणूक लागली की मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दुकानं बंद असतात हे ऐनवेळी कळतं.

प्रश्न : केक कापताना शॅम्पेन उडवायची आहे, फोटोग्राफरचा आग्रह आहे. शॅम्पेन कोणती घ्यावी? – नवरदेव, कोल्हापूर

उडवायची असेल तर कोणतीच नको, सोड्याची बाटली घे, तेवढाच फेस येतो. प्यायची असेल तर शॅम्पेन नको, आपली स्पार्कलिंग घे. शॅम्पेन हे फ्रान्सच्या एका प्रांताचं नाव आहे, तिथलीच ती शॅम्पेन, बाकी सगळ्या स्पार्कलिंग. आणि आपल्याला यात लाजायचं काही कारण नाही, नारायणगावजवळ १९८० च्या दशकातच स्पार्कलिंग व्हायला लागली होती, 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली जायची. आता शँडन कंपनीची दिंडोरीत होते, सुलाची ब्रूट म्हणजे कोरडी स्पार्कलिंग आहे. टोस्टला माणशी १०० मिली पुरते, एका बाटलीत सात जण, तुझे साठ जण असतील तर नऊ बाटल्या.

आता उडवण्याबद्दल. त्या बाटलीत पाच-सहा ॲटमॉस्फिअर दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि फोटोग्राफर म्हणतो 'हलवा सर, अजून हलवा.' एका लग्नात बुच सुटलं ते थेट झुंबरावर गेलं, खाली वधूची आत्या होती, नशीब काच पलीकडे पडली. बाटली चांगली गार कर, गार असली की कमी उसळते. वरचा चंदेरी कागद काढ, तारेची जाळी अर्धे अर्धे सहा वेळा फिरवून सैल कर पण अंगठा बुचावरून काढू नको. बाटली तिरकी धर, तोंड माणसांकडे नाही, केककडे पण नाही. मग बुच घट्ट धरून ठेव आणि बाटली खालून हळूहळू फिरव, बुच नाही, बाटली. फुस्स एवढाच आवाज आला पाहिजे. फोटोग्राफरला तो आवडणार नाही, त्याला ग्लासातल्या बुडबुड्यांचा क्लोजअप काढायला सांग, आणि ग्लास धुतल्यावर नीट विसळलेत का ते आधी हुंगून बघ, भांड्याच्या साबणाचा अंश राहिला की बुडबुडेच येत नाहीत, मग तोही तुझ्यावर चिडेल.